गप्प झालेलं रान

११ मार्च

आज बाबांचं खोरं जाळलं. चाळीस एकर. दक्षिणेचा वारा, कोरडी हवा, चौदा माणसं, पाठीवरचे पंप. दहाला काडी लावली आणि चारच्या आत सगळं आटोपलं. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत. इतकं सरळ काम वर्षातून एखाद्या वेळी होतं.

हा अभ्यास चालवणाऱ्या मार्गिटचं म्हणणं असं की कामाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे. ती दीडशे मैलांवर विद्यापीठात बसते, तिला आकडेच लागतात. त्या वहीत जे मावत नाही ते मी इथं लिहिते. चार वर्षांत त्या वह्या सहा झाल्या आणि ही अजून अर्धीच आहे, कारण घरी पोचल्यावर बूट काढायचंही त्राण नसतं.

बाबा कुंपणाशी उभे राहून बघत होते. चार वर्षांपूर्वी मीच त्यांना करारावर सही करायला लावली. सिडरची झाडं तोडायची, दर दोन-तीन वर्षांनी पालापाचोळा जाळायचा, म्हणजे ओकच्या खाली ऊन पोचेल, गवत येईल, गवतात किडे होतील आणि त्या किड्यांवर टर्कीची पिल्लं जगतील. "बाबा, आपलं रान पुन्हा टर्कींनी भरेल," असं मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले होते. ते म्हणाले होते, "माझा काही या जाळण्यावर विश्वास नाही. पण तू सांगतेस तर देतो सही."

आज धूर त्यांच्या अंगावर यायला लागला तेव्हा मी दोनदा ओरडले, "बाबा, बाजूला व्हा!" त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. तिसऱ्या वेळी जाऊन दंडाला धरून बाजूला केलं. सही करायला लावल्याचा राग अजून गेलेला नाही म्हणायचा.

२४ मार्च

या हिवाळ्यात अठरा माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधले. आज सकाळी अकरा नंबरच्या ट्रान्समीटरचे ठोके दुप्पट वेगानं यायला लागले. म्हणजे आठ तास ती हललेली नाही. दोन तास चढून गेले. पिसं, एक पाय आणि ट्रान्समीटर. मान ओरबाडून पाल्याखाली झाकून ठेवली होती, म्हणजे रानमांजर. ही चौथी गेली. उरल्या चौदा.

येताना बाबांकडे थांबले. टीव्हीचा आवाज फाटकापर्यंत येत होता. दार वाजवून वाजवून हात दुखला. शेवटी मागून आत गेले तर दचकून उठले आणि माझ्यावरच खेकसले, "चोरासारखी काय येतेस, नेल्डा?"

राजमा आणि मक्याची भाकरी होती. खाताना मी त्यांच्याकडे पाठ करून चुलीवरची कॉफी ओतत सांगितलं, "अकरा नंबर मेली, बाबा."

"हं. परवा येईल," ते म्हणाले. "पाऊस."

मी पुन्हा सांगितलं नाही. टर्कीचा विषयच नको असेल तर राहू दे. कामाचे सोळा तास झाल्यावर भांडायला अंगात बळ लागतं.

६ एप्रिल

नरांचा मोसम सुरू झाला. उजाडायच्या आधी नर झाडावर बसूनच साद घालतात. घशातून निघालेली ती गडगड वारा नसेल तर मैलभर जाते. माझी कामाची जागा सरकारी जंगलाच्या त्या टोकाला, नऊ मैलांवर, तिथं माद्या अंडी घालायला बसतायत. बाबांच्या खोऱ्यात आम्ही ओकला एक रेकॉर्डर बांधून ठेवलाय, तो रोज पहाटे आपोआप चालू होतो. त्यातली कार्डं काढून मी विद्यापीठात पाठवते, तिकडं ती ऐकली जातात.

पण खरा रेकॉर्डर म्हणजे बाबा. एकोणऐंशी वर्षांचे आहेत. साठ वर्षं दर वसंतात ते फाटकाजवळच्या खडकावर बसून पहाट ऐकत आलेत. मी आठ वर्षांची असताना मला सोबत नेत आणि बोट वर करत. मला काही ऐकू यायच्या आधी ते सांगत, "दोन वर्षांचा नर. ओढ्याच्या पलीकडे. थोडा घाबरलाय." अर्ध्या काउंटीचे लोक शिकारीला निघण्याआधी त्यांना विचारायला येतात. कुणी नवा माणूस रानाबद्दल काही सांगायला लागला की दाणेवाल्याच्या दुकानात म्हणतात, हार्लिसनं, म्हणजे बाबांनी, ऐकलंय का ते सांग.

दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर ते ऐकलेल्या सादांचा रोजचा आकडा लिहितात. आज त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं. सहा पहाटा. सगळीकडे शून्य.

"अख्ख्या आयुष्यात असं झालं नव्हतं," ते म्हणाले. मोठ्यानं, जवळजवळ ओरडून. "जाळलंस आणि रान गप्प झालं."

१७ एप्रिल

आज मुद्दाम वाट वाकडी करून पहाटे खोऱ्याच्या वरच्या रस्त्यावर पाच मिनिटं ट्रक थांबवला. मला दोन नर ऐकू आले. पण ते शेजारच्या ओडेल स्वॅफर्डच्या बाजूचे असावेत, तिथं अजून जाळलेलं नाही. बाबांच्या कॅलेंडरवर आजही शून्य आहे. माझ्या कानांपेक्षा त्यांच्या कानांवर माझा जन्मभर विश्वास आहे, तो एका सकाळीत कसा बदलणार?

दोन माद्यांची घरटी मोडली. एक सापानं, एक अंडीचोर रकूननं. बाकीच्या बसल्यात. सत्तावीस नंबर तर चक्क बाबांच्या जळलेल्या खोऱ्याच्या कडेला, पडलेल्या ओकच्या बुंध्याआड अंडी घालतेय. बाबांना सांगितलं नाही. सांगून काय, म्हणतील तीही जाईल.

अंगावरच्या गोचिड्या मोजायचं सोडून दिलंय.

२१ एप्रिल

शिकारीचा मोसम काल सुरू झाला. दुकानात ओडेल भेटला. बाबांचा दोस्त, दोघं चाळीस वर्षं एकत्र शिकारीला जातात. त्याच्याही दोनशे एकरांवर पुढच्या मार्चमध्ये जाळायचं ठरलंय.

"काय गं पोरी, शेकोटीवाली," तो म्हणाला. "तुझा बाप म्हणतो टर्की उडून दुसऱ्या राज्यात गेल्या."

"रेकॉर्डरचा निकाल यायचाय, ओडेलकाका."

"यंत्राचं मला सांगू नकोस. माझ्या घरातलं धुराचं यंत्र मी अंडी तळली तरी बोंबलतं आणि शेगडी पेटली तेव्हा झोपलं होतं." लोक हसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हार्लिस म्हणाला ना शून्य, मग शून्य. मी जाळू देणार नाही, नेल्डा. वाईट वाटून घेऊ नकोस."

बाबा शेजारीच खिळ्यांच्या डब्यांशी उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्यामुळं मुलीचं काम बुडतंय हे ऐकूनही माणूस इतका थंड कसा राहतो?

४ मे

विद्यापीठातून पत्र आलं. बाबांच्या खोऱ्यातला रेकॉर्डर: तीस पहाटा, नराच्या चारशे बारा सादा. गेल्या वर्षी दोनशेही नव्हत्या.

तीनदा वाचलं. रेकॉर्डर बाबांच्या खडकापासून चाळीस पावलांवर आहे. नक्कीच कार्डांची अदलाबदल झाली असणार. मार्गिटला फोन केला. ती म्हणाली, "नेल्डा, आवाज मी स्वतः ऐकलेत. एकदा तर मागे एक म्हातारा माणूस खोकतो आणि स्वतःशीच म्हणतो, 'काही नाही.' लगेच साद येते. पुन्हा म्हणतो, 'काही नाही.'"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. का आलं नाही तेही कळलं नाही.

६ मे

आज बाबांबरोबर खडकावर जाऊन बसले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. थंडी होती. त्यांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून मला दिली, स्वतः बाटलीनंच प्यायले.

पावणेसहाला समोरच्या उतारावरून साद आली. शंभर पावलांवरून, इतकी जवळ की माझ्या हातातलं झाकण हललं. मी बाबांकडे बघितलं. ते समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा साद. आणि मग डावीकडून दुसरा नर, आणि ओढ्यापलीकडून तिसरा, सगळे एकमेकांवर ओरडत होते. बाबांनी मान थोडी तिरकी केली, लहानपणी मी बघायची तशीच, आणि डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ तसेच बसले. मग डोळे उघडून खांदे पाडले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "काही नाही."

नर ओरडतच होता.

मला आठवलं: धूर, टीव्ही, दार, अकरा नंबर, खिळ्यांचे डबे. आम्ही दोघं एकमेकांशी किती दिवसांत नीट बोललेलो नाही, आणि त्यातला राग किती होता आणि काय होतं, हे मला आता सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "हो बाबा. काही नाही."

१६ मे

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक झाली. करारातले सगळे जमीनवाले आले होते, वीसेक माणसं, तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर. मार्गिट येऊ शकली नाही. आवाज लॅपटॉपमध्ये होते. मी गवताचे फोटो दाखवले, घरट्यांचे आकडे सांगितले. लोक ऐकत होते, पण वाट वेगळ्याच गोष्टीची बघत होते.

ओडेल उठला. "पोरगी मेहनती आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण हार्लिस म्हणतो रान गप्प झालं. ज्याच्या कानांच्या भरवशावर मी चाळीस वर्षं शिकार केली त्याचं ऐकू की फोटो बघू?" मग माझ्याकडे वळला. "तूच सांग, नेल्डा. तुझा बाप चुकतोय का?"

बाबा पहिल्या रांगेत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. सगळे शब्द तिथून उचलायचे असल्यासारखे.

एक बटण दाबलं असतं की झालं असतं. चारशे बारा सादा, आणि त्यांच्या मध्ये खोकणारा तो म्हातारा. हॉलमधल्या प्रत्येकानं तो खोकला ओळखला असता.

"यंत्राचं काम अजून पुरतं झालेलं नाही," मी म्हणाले.

ओडेलनं करार मोडला. करारातल्या गिप्सन बहिणींनीही. शेवटी बाबांनी. सहाशे एकर, वीस मिनिटांत.

१८ मे

मार्गिटचा फोन. "आवाज का ऐकवले नाहीस?"

"हॉलमधला स्पीकर बंद होता."

"बॅटरीवरचा स्पीकर मी स्वतः तुझ्या ट्रकमध्ये ठेवलाय, नेल्डा."

मग ती म्हणाली की सहाशे एकर गेल्यावर या भागाचा अभ्यास पुढच्या वर्षी चालेल असं ती सांगू शकत नाही. म्हणजे माझी नोकरीही. तिचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. मला तेच जास्त लागलं.

चार वर्षं मी मेलेल्या पक्ष्यांबद्दल सुद्धा खरं लिहीत आले. आणि खोटं बोलले तेही जिवंत पक्ष्यांबद्दल.

२८ मे

सत्तावीस नंबरच्या अंड्यांतून पिल्लं निघाली. दहापैकी नऊ. टरफलं स्वच्छ, टोपी उघडल्यासारखी गोल कापलेली. पिल्लं घेऊन ती जळलेल्या भागातच गेली, जिथं नवं गवत पोटरीइतकं आलंय. वहीत लिहिलं. कुणाला फोन करावासा वाटला नाही.

९ जून

पिल्लं मोजायला आडोशाचा तंबू लावायचा होता आणि माझा खांदा धरलाय, एकटीला उचलवेना. बाबांच्या घराजवळच जायचं होतं. त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड दिसेल असं, म्हणाले, "मदतीला येता?" हल्ली मी अशीच बोलते. त्यांनी कधी विचारलं नाही असं का.

तंबू त्यांनीच उचलला. खोऱ्यात शिरल्यावर ते मध्येच थांबत, वाकून काळी माती बोटांत चोळत. "हे गवत माझ्या आजोबांच्या वेळी होतं म्हणायचे," म्हणाले. "मी कधी बघितलं नव्हतं." करार मोडल्यापासून ते इथं आलेच नव्हते.

तासाभरानं सत्तावीस नंबर गवतातून बाहेर आली. वीस पावलांवर. मागे पिल्लं, एक, दोन, चार, सात. गवताच्या बुडाशी टोळ पकडत होती. मग ढगाची सावली आली की काय कोण जाणे, मादी ताठ झाली, मान उंच करून चोच उघडू लागली. टुक, टुक, टुक. पिल्लं जागच्या जागी दगड झाली.

बाबा पुढे झुकले. तिची चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचं तोंडही तिच्याबरोबर थोडं थोडं उघडत होतं.

"नेल्डा," ते म्हणाले. "ती बोलतेय का?"

मी मानेनं हो म्हटलं.

"काय म्हणतेय?"

त्यांच्याकडे वळून, सावकाश, मी म्हणाले, "हलू नका म्हणतेय."

ते हलले नाहीत. पिल्लं पुन्हा चरायला लागली, मादी त्यांना घेऊन उतारावरून खाली गेली, तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, रान गप्प झालं. त्याच्या आधी वाटायचं, लोक हल्ली पुटपुटतात. तूसुद्धा."

मी त्यांच्याकडे तोंड करूनच बसले.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"सहा मेपासून."

त्यांनी हिशोब लावला. "म्हणजे बैठकीच्या आधी."

"हो."

"तुझ्याकडे आवाज होते?"

"चारशे बारा."

"आणि गप्प बसलीस." ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुझ्या आईनं तुला असं वाढवलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. खुळी कुठली." त्यांचा हात माझ्या दुखऱ्या खांद्यावर आला, आणि तो दुखत होता तरी मी सांगितलं नाही.

१० जून

सकाळी सातला बाबांचा फोन. ते फोन करतात, फक्त उत्तर ऐकायला थांबत नाहीत. "ट्रक घेऊन ये. ओडेलकडे जायचंय." फोन बंद.

ओडेल अंगणात गवत कापायच्या यंत्राखाली आडवा पडला होता. मी ट्रकमध्येच बसले, काचा वर करून. उपयोग झाला नाही. बाबांना आपला आवाज किती चढतो ते कळत नाही, अख्ख्या दरीत गेलं असेल.

"ओडेल! मी बहिरा झालोय!"

ओडेल यंत्राखालून बाहेर आला. काहीतरी म्हणाला.

"वर बघून बोल! मला दिसायला पाहिजे!"

"म्हटलं, ते मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे, म्हाताऱ्या!" ओडेल आता तितक्याच जोरात ओरडत होता. "मी तुझ्याकडे करवत मागितली, तू मला भोपळे दिलेस!"

"मग बैठकीत बोलला का नाहीस?"

ओडेल थांबला. हातातला पाना पुसत राहिला. "टीव्ही ऐकू येत नाही एवढंच वाटलं होतं रे. टर्की ऐकू येत नसेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुला?"

"नाही," बाबा म्हणाले. या वेळी हळू. मला ओठांवरून कळलं.

करारावर पुन्हा सही करतो असं ओडेल म्हणाला नाही. म्हणाला, आधी उद्या पहाटे तुझ्या खडकावर येऊन बसतो, मग बघू. मोसम संपत आलाय, पण एखादा चुकार नर ओरडेलच. गिप्सन बहिणींकडेही गेलो. तिथंही बाबांनी तेच वाक्य त्याच आवाजात सांगितलं, आणि थोरलीनं कुत्रा घाबरला म्हणून आम्हाला बाहेर काढलं. सही तिनं तरीही केली.

बाबांनी स्वतःची सही ट्रकच्या बॉनेटवर केली. परतताना त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं. साठ वर्षांचं नाव एका सकाळीत घरोघर जाऊन उतरवून ठेवलं होतं. मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं.

संध्याकाळी मार्गिटला फोन करून सगळं खरं सांगितलं, स्पीकरसकट. ती म्हणाली विचार करून कळवते.

३ जुलै

मार्गिटचं कळलं. एक वर्ष वाढवून मिळालंय, एकच. ओडेलनं शंभर एकर दिले, शंभर राखून ठेवले.

अठरापैकी नऊ माद्या उरल्या. जळलेल्या रानात पिल्लं जास्त जगतायत असं आकडे म्हणू पाहतात, पण नऊ माद्यांवरून काही म्हणू नये. पाच वर्षांनी कदाचित म्हणता येईल. गुडघे तोवर टिकले तर.

बाबा आठवड्यातून तीनदा माझ्याबरोबर येतात. कानाच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की ओठ वाचता येत नाहीत असं दाखवतात. पण त्यांचे डोळे! टर्कीनं धुळीत अंग लोळवून केलेले खळगे मी चार वर्षं ओलांडून जात होते. त्यांनी एका सकाळीत अकरा दाखवले.

आज सत्तावीस नंबरची पिल्लं मोजायची पाळी होती. मी तंबूत बसल्या बसल्या झोपले. चार वर्षांत कामावर कधी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, पक्षी निघून गेले होते आणि कामाची वही बाबांच्या मांडीवर होती. त्यांनी मला उठवलं नव्हतं. रकाने त्यांनीच भरले होते, मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरात:

मादी २७. पिल्लं ५. दोन्ही बाजूंनी मोजली. तब्येत चांगली.

ऐकलेले आवाज: ठाऊक नाही. पोरगी झोपली होती.

मी ते खोडलं नाही. मार्गिटला तसंच पाठवते.